खवट ओळखणारी अँटिबॉडी

माझी जीभ खवट आहे, हे मला लग्नाआधी आईनं सांगितलं आणि लग्नानंतर नवऱ्यानं. दोघांनीही ते प्रेमानं सांगितलं, असं मी धरून चालते. पण खवट या शब्दाशी माझं खरं नातं जुळलं ते पीएचडीमुळे. मी कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, आणि नोकरी सांभाळून तेव्हा संशोधनही करत होते. विषय होता निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, आणि त्यांच्यावरचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हे शेवटचे दोन शब्द उच्चारले की समोरचा माणूस मोबाइल बघायला लागायचा. मग मी युक्ती काढली. म्हणायचे, "शेंगदाणे जुने झाले की खवट होतात ना? तेच. जिवंत शरीरातल्या चरबीचंही थोडं थोडं तसंच होत असतं. माशांच्या आणि आपल्यासुद्धा." एवढं ऐकलं की लोक मोबाइल खाली ठेवत आणि स्वतःच्या पोटाकडे बघत.

चरबी अशी खवट झाली की तिच्यातून एक पदार्थ सुटतो आणि आजूबाजूच्या प्रथिनांना चिकटून बसतो. मला निवट्यांच्या शरीरात तो चिकटलेला पदार्थ शोधायचा होता. डोळ्यांना तो दिसत नाही, सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. त्याला ओळखते ती अँटिबॉडी. ती सशाच्या रक्तातून मिळवतात. पाण्यासारखी दिसणारी, करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत मावणारी. ती जिथे जाऊन चिकटेल तिथे खवटपणा आहे असं समजायचं. तिच्यामागून बकरीच्या रक्तातली दुसरी अँटिबॉडी सोडायची, ती सशाच्या अँटिबॉडीला पकडते आणि रंगाचं रसायन ओतलं की त्या जागी तपकिरी रेषा उमटते.

ही खरेदी मंजूर व्हायला जवळजवळ वर्ष गेलं. कॉलेजच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझा अर्ज वाचला, त्यात कंपनीनं छापलेलं 'रॅबिट' वाचलं, खाली 'गोट' वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, ससा ठेवायला पिंजरा आहे आपल्याकडे. पण बकरी कुठे बांधणार?" मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या उत्तरामुळे मंजुरी आणखी दोन महिने लांबली, एवढं मात्र खरं.

शेवटी थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळलेली ती कुपी आली. मी इतकी खूश झाले की स्टाफरूममध्ये सगळ्यांना ती दाखवली. लोकांना ती रिकामीच वाटली. मी तिचे पाच वाटे करून उणे वीसच्या फ्रिजरमध्ये ठेवले. पाच वाटे म्हणजे पाच संधी. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या पाच वाट्यांवर उभं राहणार होतं. विद्यापीठाकडून मिळालेली मुदतवाढ संपत आली होती, ती दुसऱ्यांदा मिळणार नव्हती, आणि दुसरी कुपी मागायची तर पुन्हा बकरीपासून सुरुवात करावी लागली असती.

मासे जमवायचं काम त्यामानानं सोपं होतं. अर्ध्या निवट्या माझ्या माहेरच्या, रत्नागिरीकडच्या खाडीतून भावानं आणल्या होत्या. अर्ध्या कल्याणच्या खाडीतल्या. त्या मला दुर्गाडी पुलाजवळ बसणारी एक मासेवाली द्यायची. पहिल्या दिवशी तिनं माझी पांढरी पेटी आणि काचेच्या बाटल्या बघितल्या आणि म्हणाली, "काय गो बाय, अशा ताज्या निवट्या खावाच्या सोरून बाटलीन भरतेस?" मी संशोधनाचं सांगितलं. ती म्हणाली, "तुझा शिकून झाला का सांग, मंग तुला खावाच्या देतंय." ती माझ्या पीएचडीची माझ्या गाइडपेक्षा जास्त आपुलकीनं चौकशी करायची.

आता दुधाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ दुधानं केला.

माशांच्या अर्कातली प्रथिनं एका पांढऱ्या, कागदासारख्या पातळ पटलावर उतरवतात. त्यावर थेट अँटिबॉडी सोडली तर ती मोकळी जागा दिसेल तिथे चिकटून बसते. म्हणून आधी ते पटल दुधात भिजवायचं. वड्या थापायच्या आधी ताटाला तुपाचा हात लावतो ना, तसं. जगभरच्या प्रयोगशाळांत याला साय काढलेल्या दुधाची पावडर वापरतात. आमच्याकडची संपली होती. नवीन मागवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा चष्मा काढणारे साहेब. मी म्हटलं, जाऊ दे, घरून आणू.

घरचं स्वयंपाकघर बाबांच्या ताब्यात होतं. बाबा म्हणजे माझे सासरे. आम्ही वर्तकनगरला राहतो. सासूबाई गेल्यावर बाबांनी स्वयंपाक हातात घेतला आणि त्यात कुणालाही लुडबुड करू दिली नाही. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात ते आयुष्यभर रंगाच्या छटा जुळवायचं काम करत होते. मागणी आलेला निळा आणि बनलेला निळा यांत केसाएवढा फरक असला तरी पिंप परत पाठवायचे. तोच काटेकोरपणा त्यांनी ओट्यावर आणला. प्रत्येक डब्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी. कांदा परतताना कढईवर असे वाकून बघत की नवरा म्हणायचा, "बाबा आता कांदा पण रिजेक्ट करणार." मी आयत्या ताटावर बसणारी सून होते आणि त्या सुखाला दृष्ट लागू नये म्हणून गप्प राहायचे, जे मला एरवी जमत नाही.

"बाबा, दुधाची पावडर आहे का? साय काढलेल्या दुधाची, बिनसाखरेची. प्रयोगाला हवीये," मी विचारलं.

"आहे ना," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या डब्याशेजारी एक छोटा स्टीलचा डबा ठेवला. त्यावर चिठ्ठी होती: 'प्रयोग'.

पहिल्या वाट्याच्या वेळी मी नवी साडी नेसून गेले होते. रंगाचं रसायन ओतलं आणि रेषा दिसायची वाट बघत राहिले. रेषा दिसल्याच नाहीत. अख्खं पटल या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी झालं, करपलेल्या पोळीसारखं. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. दुसऱ्या वेळी सगळं दुप्पट काळजीनं केलं. पुन्हा करपलेली पोळी. तिसऱ्या वेळीही तेच. तीन वाटे गेले आणि माझ्या हाती तीन पोळ्या आल्या.

मग माझ्यातल्या खवटपणानं डोकं वर काढलं. अँटिबॉडी विकणाऱ्या माणसाला मी असा मेल लिहिला की तो वाचून कुणाचंही जेवण गेलं असतं. तुमचा ससा आंधळा आहे का, असं एक वाक्य त्यात होतं. त्याचं उत्तर अतिशय सभ्य होतं. त्यानं एवढंच विचारलं होतं की मॅडम, पटल भिजवायला काय वापरता? मी लिहिलं, "दूध. जगभर वापरतात तेच!!!" उद्गारचिन्हं तीन दिली होती.

मेल पाठवला आणि लगेच मनात कुरकुर सुरू झाली. आता उरले होते दोन वाटे. त्यातला एक मी निवट्यांवर खर्च न करता नुसत्या शंकेवर खर्च करायचा ठरवला. गाइड मॅडम फोनवर म्हणाल्या, "विचार कर, मग एकच राहील." विचार करून करूनच माझी ही अवस्था झाली होती. मी कोऱ्या पटलाच्या दोन पट्ट्या कापल्या. त्यांवर माशाचा अंशही नव्हता. एक पट्टी आमच्या दुधात भिजवली. दुसरी शेजारच्या विभागातून मागून आणलेल्या चिमूटभर अल्ब्युमिन नावाच्या शुद्ध प्रथिनाच्या पाण्यात. दोन्हींवर तीच अँटिबॉडी, तोच रंग.

अल्ब्युमिनची पट्टी पांढरीशुभ्र राहिली. दुधाची करपली.

म्हणजे अँटिबॉडीला दुधातच काहीतरी सापडत होतं. ती ओळखते ती एकच गोष्ट. मी स्टीलच्या डब्याकडे बघितलं. त्या वेळी माझ्यामागे तिसऱ्या वर्षाच्या मुली प्रॅक्टिकल करत होत्या. प्रयोगशाळेत कुठलीही वस्तू हुंगायची नाही, हा नियम मी त्यांना दर वर्षी पहिल्याच तासाला ओरडून सांगते. तो मी स्वतः इतका पाळत आले होते की तीन आठवडे त्या डब्यातली पावडर वापरूनही तिच्याजवळ नाक नेलं नव्हतं. आता मी झाकण उघडलं आणि डबा थेट नाकाशी नेला.

खवट! असा खणखणीत खवट, की डोळे मिटून सांगावं.

"मॅम," मागून एक मुलगी म्हणाली, "तुम्हीच बोललेला ना, स्मेल नाही करायचं?"

"आज करायचं," मी म्हटलं आणि डबा तिच्या हातात दिला. डबा सगळ्या टेबलांवरून फिरला. पोरी नाकं मुरडून हसत होत्या आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं हसत होते. तीन पोळ्यांचा राग एका क्षणात उतरला. माझी अँटिबॉडी बिघडलेली नव्हती. ती तीनही वेळा खरं तेच सांगत होती, मला ऐकता आलं नव्हतं. मी त्या सभ्य माणसाला माफीचा मेल लिहिला आणि सशाचीही माफी मागितली.

घरी पोचले तेव्हा बाबा भेंडी चिरत होते.

"बाबा, ती पावडर खवट होती."

सुरी क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली. "मग?" ते म्हणाले. "खायची थोडीच होती? म्हटलं, प्रयोगालाच जातेय तर जुनी देऊ. चांगली कशाला वाया घालवायची?"

मी पर्स खुर्चीवर आपटली. आणि मग वाटलं, बरोबरच आहे की. आपल्याकडे सगळ्या घरांत हेच चालतं. किडके गहू चिमण्यांना, फाटका टॉवेल गाडी पुसायला, उतरलेली पावडर विज्ञानाला. तरीही मी बोललेच. "बाबा, खवटपणा शोधायला बनवलेली एकच गोष्ट माझ्याकडे आहे, आणि तिलाच तुम्ही खवट दूध पाजलंत!"

बाबांनी विचार केला. "म्हणजे तिनं ओळखलं?"

"तीनदा ओळखलं."

"मग माल चांगला आहे," ते म्हणाले. "पास." आणि भेंडी कढईत टाकली. मी हसत सुटले. पण ते त्या रात्री नेहमीपेक्षा कमी जेवले, हे मला नंतर आठवलं.

शेवटचा वाटा रविवारी वापरायचा ठरला. बाबा म्हणाले, मी येतो. ते कधीही माझ्या कॉलेजात आले नव्हते. सकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी पावडर आणली, पुडकं डिकीत फुटेल म्हणून स्टीलच्या डब्यात भरली, आणि निघण्याआधी माझ्यासमोर डबा नाकाशी नेऊन मान डोलावली. मी निश्चिंत झाले. मग आम्ही माझ्या स्कूटरवरून भिवंडी बायपासनं निघालो. बाबा मागे बसून "ट्रक, ट्रक" असं प्रत्येक ट्रकला म्हणत होते. मी वैतागून म्हटलं, "बाबा, मला दिसतात ट्रक." ते म्हणाले, "मग त्यांनाही तू दिसतेस का ते बघ." दुर्गाडी पुलावर वारा असा सुटला होता की आम्हा दोघांनाही उगाचच हसू येत होतं. खाली ओहोटीचा चिखल चमकत होता आणि त्यावर निवट्या उड्या मारत असणार, हे मला वरून न दिसताही माहीत होतं.

कॉलेजात रविवारी शिपाई आणि आम्ही, एवढेच. मी बाबांना पांढरा कोट चढवला. तो त्यांना आखूड होत होता, पण त्यांनी सगळी बटणं लावली आणि आरशात बघितलं. मी फ्रिजरमधून शेवटचा वाटा काढून बर्फावर ठेवला. आदल्या दिवशी पटलावर उतरवलेले मासे तयार होते, ते पटलही एकच होतं. दुधाच्या डब्याचं झाकण मी अर्धवट उघडलं आणि चमचा आत घातला.

"थांब," बाबा म्हणाले.

मी वळून बघितलं. ते बर्फावरच्या त्या कुपीकडे बघत होते.

"हा शेवटचा ना?"

"हो."

"मग आधी तू हुंग."

"तुम्ही सकाळी बघितलंत की."

बाबांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "मला वास येत नाही," ते म्हणाले. "लॉकडाऊनमध्ये तो ताप आलेला ना, तेव्हापासून. येईल येईल म्हणून थांबलो, आलाच नाही. जुनी मुद्दाम दिली म्हणालो ते खोटं होतं गं. दोन डबे होते, दोन्हींच्या चिठ्ठ्या पडलेल्या. पूर्वी हुंगून सांगितलं असतं कुठला कुठला. आज पण ओट्यावर सारखेच दोन डबे होते, जुन्याची चिठ्ठी मी काढलेली, आणि तू घाई करत होतीस. हाच तो, असं मी शपथेवर नाही सांगू शकत."

मी चमचा डब्यातून बाहेर काढला. दोन-तीन वर्षं हा माणूस मोहरीचा आवाज ऐकून आणि कांद्याचा रंग बघून आम्हाला जेवू घालत होता. आणि आम्ही त्याची चेष्टा करत बोटं चाटत होतो. "सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर ओट्यावर उभं राहू दिलं असतंत तुम्ही? गॅस, करपणं... बसा म्हणाला असतात हॉलमध्ये."

खरं होतं. आम्ही तसंच म्हणालो असतो, आणि वर स्वतःला समजूतदारही समजलो असतो.

मी डबा नाकाशी नेला. खवट! तोच, जुना डबा. घरी परत नेलेला, टाकवला नाही म्हणून कुंडीत घालायला ठेवलेला. मी बाबांकडे बघितलं आणि त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. बाबा आणखी एक मिनिट गप्प राहिले असते तर शेवटचा वाटा, ते प्रकरण आणि माझी सगळी वर्षं त्या चमच्याबरोबर पाण्यात कालवली गेली असती. मी काय केलं, तर भरल्या डोळ्यांनी सासऱ्यांना मिठी मारली. आमच्या घरात अशी पद्धत नाही. ते काठीसारखे ताठ उभे राहिले आणि मग माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"चल, दुकान बघू," ते म्हणाले.

आम्ही दोघं पांढऱ्या कोटांतच रस्ता ओलांडून समोरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार आम्हाला डॉक्टर समजला आणि त्यानं आधी आपल्या गुडघ्याबद्दल सांगितलं. बाबांनी पुडक्यावरची तारीख दोनदा वाचली, मी तिथेच पुडकं फोडून हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि म्हटलं, "पास."

त्यानंतरचे काही तास बाबांनी एका स्टुलावर बसून काढले. दूध झालं, सशाची अँटिबॉडी झाली, मधे मधे धुणं झालं, बकरीची झाली. ते प्रत्येक पायरीला "आता?" विचारत आणि मी सांगितलं की मान डोलावत, एखाद्या जुन्या खात्यातून नव्या खात्यात बदली झालेल्या माणसासारखे. दुपार टळली तेव्हा मी रंगाचं रसायन ओतलं. ट्रे बाबांनी धरला.

पटल पांढरं राहिलं. अजून पांढरं. मला वाटलं, आता काहीच येत नाही.

"आली," बाबा म्हणाले.

मला काही दिसत नव्हतं. "कुठे?"

"उजवीकडे. अजून फिकी आहे. तुला दिसेल आता."

छटा ओळखण्यात आयुष्य गेलेल्या त्या डोळ्यांना माझ्या आधी दिसली ती रेष. मग मलाही दिसली. मग तिच्याखाली दुसरी, तिसरी, ठसठशीत होत गेल्या. उजवीकडे कल्याणच्या खाडीतल्या निवट्या होत्या. डावीकडे माहेरच्या, त्यांच्या रेषा नंतर आल्या, पुसट. मधली सगळी जागा शुभ्र. आठ वर्षांच्या कामाचं उत्तर त्या तळहाताएवढ्या तुकड्यावर आमच्यासमोर उमटलं आणि मी प्रयोगशाळेत चक्क उड्या मारल्या.

बाबांनी ट्रे जपून टेबलावर ठेवला, हात धुतले, कोटाच्या आत हात घालून मोबाइल काढला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन माझ्या नवऱ्याला फोन लावला. ते फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्या दिवशी तर शिपाईही उठून उभा राहिला.

"अरे ऐक, हिच्या रेषा आल्या! आणि दुसरं म्हणजे, मला वास येत नाही. तीनेक वर्षं झाली. सांगायचं राहिलेलं."

दोन्ही बातम्या त्यांनी एका दमात, एकाच आनंदी आवाजात सांगितल्या. पलीकडून नवऱ्यानं काहीतरी विचारलं असावं.

"अरे, दिसतं ना मला!" बाबा म्हणाले. "हिच्याआधी दिसलं."